गल्ली वाचायची कशी: चालताना काय बघायचं आणि ते कसं टिपायचं

प्रश्न असा आहे: रोज त्याच वस्तीतून चालणं होतं, मुद्दाम बारकाईने बघायचं ठरवलं, पण दोन-चार दिवसांत सगळं तेच ते दिसायला लागलं. नेमकं काय बघायचं, कसं बघायचं आणि बघितलेलं लिहून कसं ठेवायचं?

"लक्ष देऊन बघा" हा सल्ला इथे कामाचा नाही. लक्ष कशावर द्यायचं हेच ठरलेलं नसेल तर नजर सवयीच्या जागी जाते: समोरून येणारं वाहन, मोठ्या अक्षरातली पाटी, माणसांचे चेहरे. बाकीचं शहर डोळ्यांसमोरून जातं, पण नोंदलं जात नाही. म्हणून घराबाहेर पडताना वस्तू शोधायला पडू नका, खुणा शोधायला पडा. रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक खूण चार प्रश्नांपैकी एकाचं उत्तर असते: इथे काय झिजलंय? काय दुरुस्त केलंय? काय मागाहून जोडलंय? आणि काय काढून टाकलंय? एका फेरीला यातला एकच प्रश्न घ्यायचा. चारही एकदम घेतले की पुन्हा पाट्याच दिसायला लागतात.

आधी पल्ला आणि वेग. आपण साधारण ताशी 5 किलोमीटरने चालतो, म्हणजे मिनिटाला 80 मीटरच्या आसपास. या वेगात बारीक काही दिसत नाही. त्याचं कारण डोळ्याच्या रचनेत आहे: दृष्टीचा खरोखर तीक्ष्ण भाग जेमतेम दोन अंशांचा असतो. हात पुढे ताणून अंगठा उभा धरा, त्याच्या रुंदीएवढंच त्या क्षणी स्पष्ट दिसत असतं. बाकी सगळं धूसर असतं आणि मेंदू ते अंदाजाने भरून काढतो. रोजच्या रस्त्यावर तर तो भरून काढण्यात फारच पटाईत होतो. तेव्हा वेग मिनिटाला 10 ते 15 मीटरवर आणा आणि पल्ला 200 मीटरच्या एका गल्लीचा ठेवा. जाताना एक बाजू, येताना दुसरी. एवढ्याला 30 ते 40 मिनिटं लागतात. तासाभराने नजर थकते आणि माणूस बघायचं सोडून फोटो काढायला लागतो, तिथे थांबायचं. नवशिक्यांची पहिली चूक हीच असते, की ते अख्खी वस्ती एका दमात बघायला जातात.

ज्या बाजूचं बघायचंय तिच्या विरुद्ध कडेने चाला. भिंतीला चिकटून चाललं की फक्त तळमजला दिसतो, आणि तळमजला हा इमारतीचा सर्वांत बोलघेवडा आणि सर्वांत कमी भरवशाचा भाग. तिथल्या दर्शनी बाजू सतत बदलत असतात. पहिल्या मजल्यापासून वर मात्र कुणी फारसा हात लावत नाही. म्हणून नजर वरून खाली आणायची: आधी छपराची कड, मग खिडक्यांच्या ओळी, मग तळमजला, शेवटी भिंत जमिनीला टेकते तो पट्टा. हा शेवटचा पट्टा बहुतेक जण वगळतात. तो का वगळू नये, ते पुढे येईलच.

उजेडाचा मोठा उपयोग होतो. पृष्ठभागावरचे उंचवटे आणि खळगे दिसायला ऊन त्या पृष्ठभागाला चाटून जायला हवं. रस्ता बघायचा असेल तर सूर्य क्षितिजापासून साधारण 20 अंशांच्या खाली हवा. हात ताणून मूठ धरली की तिची रुंदी ढोबळमानाने 10 अंश भरते, तेव्हा दोन मुठींच्या आत सूर्य असेल ती वेळ. भिंतींचा हिशोब वेगळा. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीला ऊन मध्यान्हीच्या आसपास चाटतं, कारण तेव्हा सूर्य भिंतीच्या रेषेत आलेला असतो. पूर्वेकडची भिंत मध्यान्हीच्या थोडी आधी बघायची, पश्चिमेकडची थोडी नंतर. त्या 15-20 मिनिटांत बुजवलेल्या खिडकीची चौकट किंवा पुसून टाकलेल्या अक्षरांचा उठाव असा दिसतो, की एरवी तिथे काही आहे यावर विश्वास बसणार नाही. ढगाळ दिवशी उठाव दिसत नाहीत, पण रंगांतले फरक चांगले दिसतात. अंधारात बॅटरी भिंतीला जवळजवळ समांतर धरली तरी उन्हाचंच काम होतं, फक्त लोकांच्या खिडक्यांजवळ तसं करू नका.

पाऊस थांबल्यानंतरचा पहिला तास तर चुकवूच नका. कुठे पाणी साचलंय, कुठलं ठिगळ आधी सुकलं, भिंतीवर ओल कुठून कुठवर आहे, हे सगळं तेव्हा आपोआप अधोरेखित झालेलं असतं.

रस्त्यापासून सुरुवात करा, कारण तो वाचायला सर्वांत सोपा. डांबरी रस्त्यावरची ठिगळं म्हणजे खोदकामांची वही. नियम एकच: जो थर किंवा जो चर दुसऱ्याला कापतो, तो नंतरचा. भूगर्भशास्त्रात निकोलस स्टेनोने 1669 मध्ये थरांबद्दल मांडलेलं तत्त्व हेच सांगतं, की वरचा थर खालच्यापेक्षा नवा. ते खडकांसाठी होतं, पण महापालिकेच्या खोदकामालाही तंतोतंत लागू पडतं. रस्त्याला समांतर जाणारा लांब पट्टा म्हणजे मुख्य वाहिनी. त्यातून काटकोनात घराकडे निघालेला अरुंद पट्टा म्हणजे त्या घराची जोडणी. कडा सरळ कापलेल्या असतील तर यंत्राने कापून काम झालंय. कडा वेड्यावाकड्या असतील तर फोडून काढलंय, आणि बहुतेकदा घाईत. चर खचलेला असेल तर त्याचं कारणही ठरलेलं आहे: माती 15 ते 20 सेंटिमीटरच्या थरांनी टाकून प्रत्येक थर ठोकायचा असतो. सगळी एकदम लोटून वरून डांबर ओढलं की पहिल्या मोठ्या पावसात ती बसते.

चाकांच्या वाटेवर बारीक चौकोनी-पंचकोनी तुकड्यांची जाळी, म्हणजे मगरीच्या पाठीसारख्या भेगा, दिसल्या तर तिथला पाया वजनाने थकलाय. त्याच भेगा चाकांच्या वाटेबाहेर, एखाद्या झाकणाभोवती किंवा नळाजवळ असतील तर खाली पाणी शिरत असल्याची शक्यता जास्त.

आता झाकणं. मॅनहोलच्या ओतीव लोखंडी झाकणावर नक्षी, वर्ष, ओतणाऱ्या कारखान्याचं नाव आणि बऱ्याचदा एक वर्गक्रमांक असतो. युरोपीय मानक ईएन 124 नुसार ए15, बी125, सी250, डी400, ई600 आणि एफ900 असे वर्ग आहेत. आकडा म्हणजे चाचणीत झाकणाने झेललेला भार, किलोन्यूटनमध्ये (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण 100 किलोचं वजन). ए15 फक्त पादचारी आणि सायकलींसाठी, बी125 पदपथ आणि गाड्या उभ्या करायच्या जागांसाठी, डी400 वाहत्या रस्त्यासाठी. इतर देशांची मानकं आणि खुणा वेगळ्या, पण हलकं-जड हा भेद सगळीकडे असतो. याचा उपयोग काय? पदपथाच्या मधोमध डी400 झाकण दिसलं तर एकतर पदपथ रुंद करताना रस्त्याचा भाग आत घेतला गेलाय, किंवा तिथून वाहनं आत जातात हे ठरवणाऱ्याला माहीत होतं. नक्षी कुठल्या बाजूला गुळगुळीत झालीय यावरून चाकं कुठून जातात तेही कळतं.

झाकण रस्त्याच्या खाली गेलेलं असणं ही आणखी उपयोगी खूण. डांबराचा नवा थर साधारण 25 ते 50 मिलिमीटरचा असतो. झाकण न उचलता थरावर थर चढत गेले की ते खड्ड्यात बसल्यासारखं दिसतं. सात-आठ सेंटिमीटर खोल असेल तर दोन-तीन थरांचा अंदाज करता येतो. हाच हिशोब पदपथाच्या कडेच्या दगडाला लावा. तो बसवताना रस्त्यापासून बहुधा 10 ते 15 सेंटिमीटर उंच ठेवतात. आता चारच सेंटिमीटर उरला असेल तर बाकीचा डांबराखाली गेलाय. मग पलीकडच्या घराचा उंबरठा बघा. तो रस्त्याच्या पातळीच्या खाली असेल तर पावसाचं पाणी आत का येतं हे विचारायची गरज उरत नाही. मात्र इथे एक फसगत आहे. झाकणाची चौकटच खचलेली असू शकते. ओळखायचं असं: झाकणाभोवती कड पायरीसारखी सरळ तुटलेली असेल तर वर थर चढलाय. भोवतालचं डांबर बशीसारखं उतरतं आणि त्यात गोल भेग असेल तर चौकट खचलीय. झाकण उचलून बघायचा मोह मात्र कधीही नको. आत साचलेले वायू, विशेषतः हायड्रोजन सल्फाइड, काही श्वासांत माणसाला बेशुद्ध करू शकतात.

पेव्हर ब्लॉकची जाडी तुटलेल्या कडेला मोजता येते. 60 मिलिमीटरचे ब्लॉक पायी चालण्यासाठी, 80 चे वाहनांसाठी. फाटकासमोरच तेवढे फुटलेले दिसले तर कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. ओळच्या ओळ फाकलेली असेल तर कडेची धार निसटलीय आणि खालची वाळू वाहून चाललीय.

पदपथावर आडव्या पट्ट्या आणि गोल उंचवटे असलेल्या लाद्या दिसतात. त्या अंध व्यक्तींसाठी असतात. सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये जपानमध्ये त्या तयार केल्या आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. लांब पट्ट्या म्हणजे "या दिशेने चला", गोल उंचवटे म्हणजे "थांबा, पुढे काहीतरी आहे". ही ओळ डोळ्यांनी नाही तर पावलांनी शेवटपर्यंत तपासा. ती खांबावर जाऊन आदळते का, वळणावर पट्ट्यांऐवजी उंचवटे आहेत का, रस्ता ओलांडायच्या जागी उंचवटे आहेत की तिथेच ओळ संपलीय? ती ज्यांच्यासाठी बसवली त्यांना बसवताना कुणी विचारलं होतं का, हे एवढ्यावरून बऱ्यापैकी कळतं.

हिरवळीच्या किंवा मोकळ्या जागेच्या कोपऱ्यातून गेलेली पायवाट नोंदवताना फक्त "पायवाट आहे" असं लिहू नका. ती कुठून सुटते, कुठे मिळते, आखलेल्या वाटेपेक्षा किती पावलं वाचवते, हे मोजा. आठ-दहा पावलं वाचवण्यासाठीही लोक पक्की वाट सोडतात. त्याउलट, वाचत काहीच नसताना पायवाट पडलेली असेल तर पक्क्या वाटेवर काहीतरी टाळण्यासारखं आहे: साचणारं पाणी, अंधार, कुत्री, उभ्या केलेल्या दुचाक्या.

भिंतींना जास्त वेळ द्या, कारण जुन्या वस्तीतलं बरंचसं तिथेच लिहिलेलं असतं. उघड्या विटेची भिंत असेल तर आधी विटांची मांडणी बघा. प्रत्येक थरात फक्त विटेच्या लांब बाजू दिसत असतील तर ती भिंत किंवा तिचा दर्शनी थर अर्ध्या विटेच्या जाडीचा असण्याची शक्यता मोठी. एक थर लांब बाजूंचा, एक आखूड बाजूंचा, अशी आलटून पालटून रचना म्हणजे इंग्लिश बाँड. एकाच थरात लांब-आखूड-लांब-आखूड म्हणजे फ्लेमिश बाँड. या दोन्हींत आखूड दिसणाऱ्या विटा भिंतीच्या आत गेलेल्या असतात, म्हणजे भिंत जाड. पण नव्या इमारतींवर अर्ध्या तोडलेल्या विटा लावून फ्लेमिशचं सोंगही करतात. दाराच्या किंवा खिडकीच्या खोबणीत भिंतीची खरी जाडी मोजल्याशिवाय "जाड भिंत" असं लिहू नये.

मांडणी जिथे तुटते तिथे गोष्ट सुरू होते. विटांच्या थरांतून वरपासून खालपर्यंत एक सरळ उभा सांधा गेला असेल तर एका बाजूचं बांधकाम मागाहूनचं आहे. भिंतीत नुसतीच एक कमान किंवा आडवा दगड दिसतो आणि खाली दार-खिडकी काहीच नाही, तर ती बुजवलेली वाट. शेजारची इमारत पाडलेली असेल तर उघड्या पडलेल्या भिंतीवर तिरपी रेघ शोधा. ती गेलेल्या छपराची कड. तुळयांच्या चौकोनी खाचांची ओळ म्हणजे गेलेल्या मजल्याची पातळी. खोल्यांचे वेगवेगळे रंग, जिन्याच्या पायऱ्यांचे दाते, मोरीच्या फरशीचा तुकडा, हे सगळं काही महिनेच दिसतं, नवं बांधकाम उभं राहिलं की गेलं. पाडकाम सुरू झालेलं कळलं की बाकी सगळी कामं बाजूला ठेवून आधी तिकडे जा. लोखंडी तारे, चकत्या किंवा इंग्रजी एस अक्षरासारख्या पट्ट्या भिंतीवर एका पातळीत दिसल्या तर आरपार सळया घालून भिंत आवळलेली आहे, म्हणजे ती कधीतरी बाहेर झुकू लागली होती.

भेगा वाचायला शिकायला थोडा वेळ लागतो. रुंदी मोजा. ब्रिटनमध्ये वापरात असलेल्या एका वर्गवारीत 0.1 मिलिमीटरपर्यंतची भेग नगण्य, 1 पर्यंत अगदी किरकोळ, 5 पर्यंत किरकोळ, 5 ते 15 मध्यम, 15 ते 25 गंभीर आणि 25 च्या वर अतिगंभीर धरतात. नुसत्या डोळ्यांनी 1 मिलिमीटरची भेग फार मोठी वाटते, म्हणून पट्टी जवळ ठेवा. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी उतरत गेलेली तिरपी भेग बहुतेकदा पाया एका बाजूला खचल्याची. वरच्या टोकाला रुंद आणि खाली निमुळती असेल तर इमारतीची कड खाली जातेय, उलट असेल तर मधला भाग. पण भेग आता हलतेय की पूर्वीच थांबलीय, हे जास्त महत्त्वाचं. भेगेच्या आत जुना रंग, धूळ, कोळ्याचं जाळं असेल तर ती जुनी. कडा स्वच्छ आणि आतली वीट ताज्या रंगाची असेल तर नवी. कुणी भेगेवर काचेची पट्टी किंवा चुन्याचा ठिपका लावून तारीख लिहिली असेल तर कुणीतरी तिच्यावर नजर ठेवून आहे. तो ठिपका तडकलाय का ते बघा आणि त्याला हात लावू नका.

काँक्रीटच्या इमारतीत वेगळी खूण: छज्जाच्या खालच्या कडेला किंवा खांबाच्या कोपऱ्याला सरळ रेषेत गेलेली भेग आणि तिच्यातून उतरलेला तांबूस ओघळ. आतली सळई गंजलीय. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. अशा छज्जाखाली उभं राहून निरीक्षण करायचं नाही, पलीकडच्या कडेने करायचं.

आता तो राहिलेला शेवटचा पट्टा. जमिनीपासून 20-30 सेंटिमीटरपर्यंत चिखलाचे शिंतोडे असतील तर पाणी उडतंय, एवढंच. जमिनीतून चढणारी ओल बहुतेकदा मीटरभर उंचीपर्यंत पोचते आणि तिथे क्षारांची पांढरी, वेडीवाकडी रेघ सोडते. ओल त्याहून बरीच वर असेल किंवा वरून खाली उतरत असेल तर ती जमिनीची नाही. पन्हळ, फुटलेला पाइप किंवा खिडकीची कड यांच्याकडे बघा. खिडकीखालच्या पट्टीला तळाशी एक बारीक खाच असते. पाणी त्या खाचेपाशी तुटून थेंबाने खाली पडावं म्हणून. खाच नसली किंवा रंगाने भरली की पाणी भिंतीला धरून उतरतं आणि खिडकीच्या दोन्ही टोकांखाली काळ्या मिशा उमटतात. जुन्या मऊ विटांच्या भिंतीत चुन्याचे सांधे खरवडून सिमेंट भरलेलं असेल तर आणखी एक गंमत दिसते: सांधे उभे राहतात आणि विटाच झिजून आत जातात. ओल आधी चुन्यातून बाहेर पडायची, आता तिला विटेतून बाहेर पडावं लागतं, आणि विटेचे पोपडे निघतात. दुरुस्तीनेच केलेलं नुकसान ओळखायला याहून सोपी खूण नाही.

झाडं आणि दगडफुलं. बुंध्यात गिळला गेलेला तारेचा तुकडा किंवा पत्रा दिसला तर त्याची उंची लिहून ठेवा. झाडाची उंची शेंड्याकडून वाढते, बुंध्यात ठोकलेला खिळा कधीही वर सरकत नाही, म्हणून तो आजही ठोकला होता त्याच उंचीवर आहे. घेर मोजायचा तर जमिनीपासून 1.3 मीटरवर, दर वर्षी त्याच जागी. दगडावरचं दगडफूल फार हळू वाढतं, वर्षाला मिलिमीटरच्या हिशोबात. तेव्हा तळहाताएवढा अखंड डाग असेल तर तो दगड बऱ्याच वर्षांत कुणी घासलेला नाही. हवेचाही अंदाज त्यातून येतो: विल्यम निलँडर यांनी 1866 मध्येच पॅरिसच्या निरीक्षणांवरून दगडफुलं आणि हवेची शुद्धता यांचा संबंध मांडला होता. चपटी, भडक पिवळी-नारिंगी जात नायट्रोजनयुक्त जागी फोफावते, झुडपासारख्या फांद्या फुटलेल्या जाती स्वच्छ हवेत टिकतात. शेवाळ उत्तर दिशा दाखवतं वगैरे मात्र सोडून द्या. ते ओल आणि सावली दाखवतं, बस.

पाट्या आणि घरक्रमांक यांच्याकडे तसं सगळ्यांचंच लक्ष जातं, म्हणून थोडक्यात. पाटीपेक्षा पाटीच्या मागचं बघा: स्क्रूची जुनी भोकं, काढलेल्या अक्षरांच्या जागी न विटलेला रंग, रंगाखालून डोकावणारं आधीचं नाव. फोन नंबरमधल्या आकड्यांची संख्या पाटीचा काळ सांगते, कारण त्या शहरात आकडे कधी वाढले हे बहुधा शोधता येतं. क्रमांकांत उडी असेल तर दोन जागा एक झाल्या असतील. क्रमांक कुठल्या टोकापासून सुरू होतात यालाही अर्थ असतो. पॅरिसमध्ये 1805 पासून एका बाजूला सम, दुसऱ्या बाजूला विषम अशी पद्धत आहे आणि नदीला काटकोनात असलेल्या रस्त्यांवर मोजणी सीनपासून सुरू होते, म्हणजे नकाशा नसला तरी नदी कुठे आहे ते कळतं. पदपथावर रंगाच्या ताज्या फवाऱ्याने केलेल्या खुणा दिसल्या तर तिथे लवकरच खोदणार आहेत. अमेरिकेत त्यांचा ठरलेला संकेत आहे: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी दूरसंचार, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी, पांढरा नियोजित खोदकाम. इतरत्र संकेत वेगळे, पण खूण दिसल्यावर त्या जागेचा "आधीचा" फोटो काढून ठेवायचा, हे सगळीकडे सारखंच.

आता नोंदी. खिशात मावणारी वही, पेन्सिल आणि 15 सेंटिमीटरची पट्टी एवढं पुरे. पानाचे तीन रकाने करा: "दिसलं", "अंदाज", "पडताळा". पहिल्या रकान्यात फक्त डोळ्यांना दिसलं ते: "खांब क्र. 14 पासून 9 पावलं, डावी बाजू, जमिनीपासून अंदाजे 1.5 मीटर, विटांनी बुजवलेली चौकट, वर कमान, विटा भोवतालच्यापेक्षा फिकट." दुसऱ्यात तर्क: "पूर्वी खिडकी असावी." तिसरा रकाना बहुतेकदा रिकामाच राहतो, आणि तो रिकामा दिसत राहणं हाच त्याचा उपयोग. तिन्हींची सरमिसळ झाली की सहा महिन्यांनी स्वतःचंच लिखाण स्वतःला फसवतं.

जागा सांगण्यासाठी मोबाइलच्या लोकेशनवर विसंबू नका. मोकळ्या आकाशाखालीही त्यात पाचेक मीटरचा फरक पडतो, आणि उंच इमारतींमधल्या अरुंद गल्लीत बराच जास्त. पाच मीटरमध्ये एक अख्खं दार इकडचं तिकडे होतं. त्यापेक्षा पावलं मोजा. 50 मीटर अंतर टेपने मोजून नेहमीच्या चालीने दोनदा चाला आणि एकूण 100 मीटरना एकूण पावलांनी भागा. बहुतेकांचं पाऊल 65 ते 75 सेंटिमीटर भरतं. प्रत्येक नोंद न हलणाऱ्या खुणेपासून द्या: दिव्याचा खांब, इमारतीचा कोपरा, झाकण. उभी केलेली गाडी किंवा कचराकुंडी ही खूण नव्हे.

एका गोष्टीचे तीन फोटो: रस्त्यासकट दुरून, भोवतालासकट मधून, पट्टी शेजारी धरून जवळून. जवळचा फोटो पृष्ठभागाला काटकोनात काढा, नाहीतर त्यावरून माप घेता येत नाही. आणि क्रम पाळा: आधी लिहा, मग फोटो. आधी फोटो काढला की मेंदू काम संपलं असं समजतो आणि कमानीखालची दुसरी, लहान कमान बघायची राहून जाते.

सर्वांत मोठी चूक मात्र तर्काची. छान गोष्ट सांगणारं स्पष्टीकरण आधी सुचतं आणि तेच खरं वाटायला लागतं. ठळक उदाहरण बुजवलेल्या खिडक्यांचं. इंग्लंडमध्ये 1696 ते 1851 या काळात खिडक्यांवर कर होता आणि लोक तो टाळायला खिडक्या बुजवत, हे खरं आहे. पण तिथल्या बऱ्याच "बुजवलेल्या" खिडक्या मुळात कधी उघड्या नव्हत्याच. दर्शनी बाजू दोन्हीकडे सारखी दिसावी म्हणून त्या सुरुवातीपासून आंधळ्या बांधलेल्या आहेत. फरक विटांत सापडतो: भरणीच्या विटा भोवतालच्या विटांशी गुंफलेल्या असतील तर त्या एकाच वेळच्या, चौकटीभोवती सलग सांधा असेल तर भरणी नंतरची. इमारतीवर कोरलेलं वर्षही असंच तपासून घ्यायचं. ते बांधकामाचं असेल, नूतनीकरणाचं असेल, किंवा संस्थेच्या स्थापनेचं असेल आणि इमारत तीस वर्षांनंतरची. एक खूण म्हणजे शंका, दोन वेगळ्या प्रकारच्या खुणा म्हणजे अंदाज, आणि त्यात जुना नकाशा, जुनं छायाचित्र किंवा कागद जुळला तरच विधान. जुन्या रहिवाशांना जरूर विचारा, पण "इथे आधी काय होतं?" असं मोघम नको. "ही चौकट तुम्ही उघडी बघितली होती का?" असं विचारलं की आठवण नेमकी येते. वर्षं विचारण्यापेक्षा "आधी हे की तो पूल?" असं विचारलेलं बरं. लोकांना तारखा आठवत नाहीत, क्रम आठवतो.

दुसरी चूक म्हणजे फक्त जुनं आणि देखणं टिपणं. कोरीव दाराचे फोटो हजार जण काढतात. त्याच दारावर चार वेगवेगळ्या उंचीवर बसलेल्या कोयंड्यांच्या खुणा, त्याच्या पायरीची एकाच कडेला झालेली झीज, बाजूला मागाहून आलेली मीटरची पेटी, हे कुणी लिहीत नाही. पायरी मध्यभागी झिजली असेल तर माणसं सरळ वर जातात. एका कडेला झिजली असेल तर त्या बाजूला आधाराला कठडा आहे किंवा होता. कठडा नसेल तर भिंतीत त्याची भोकं शोधा.

वस्तीतल्या लोकांशी वागण्याचेही नियम पाळायला हवेत. घराच्या आतलं काही लिहायचं नाही, खिडकीतून दिसलं तरी. चेहरे आणि मुलं फोटोत नकोत. कुलपं, कॅमेरे, रखवालदाराच्या वेळा यांच्या नोंदी तर अजिबात नकोत. वही हरवली की ती कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. कुणी "काय बघताय?" म्हणून हटकलं तर वही उघडून दाखवा. झाकणांच्या आणि विटांच्या नोंदी बघून संशय बहुधा तिथल्या तिथे मावळतो, आणि पुष्कळदा समोरचाच आणखी दोन जागा दाखवतो.

एकाच गल्लीच्या आठ-दहा फेऱ्या झाल्या की वहीतलं सगळं एका नकाशावर आणा. 1:500 हे प्रमाण सोयीचं पडतं: एक सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर, 200 मीटरची गल्ली 40 सेंटिमीटरच्या कागदावर बसते. झीज, दुरुस्ती, जोड आणि काढलेलं यांना चार रंग द्या. भिंतीवरच्या खुणा गल्लीच्या कडेच्या रेषेबाहेर, जमिनीवरच्या आत. मग एकेका रंगाची दाटी कुठे होते ते बघा. दुरुस्तीचा रंग एका बाजूलाच साचला असेल तर तिथे उतार, पाणी किंवा वाहनांचं वळण आहे का, हे बघायला पुढची फेरी. आणि जो 20-30 मीटरचा पट्टा नकाशावर कोराच राहिला असेल, तिथे बहुधा सांगण्यासारखं काही नाही असं नसतं. तिथे दर वेळी रस्ता ओलांडावा लागतो, किंवा ऊन डोळ्यांवर येतं, किंवा पाऊल आपोआप भरभर पडतं. पुढच्या खेपेला सुरुवात तिथूनच करा, आणि उलट्या दिशेने.